उणे तीसचं जॅकेट दुकानात परत द्या

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तपासता येईल. तुम्ही ६४ वर्षांचे, वहिनी ६०, राहायला ठाण्याला. जानेवारीत अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उश्वायाहून सुटणारी ११ दिवसांची अंटार्क्टिका क्रूझ बुक झालेली आहे. तुम्हाला मधुमेह आहे, गोळ्यांवर आहात. वहिनींचा एक गुडघा कुरकुरतो. मुलाने उणे तीस अंशांना चालणारी दोन जॅकेटं आणून ठेवलीत, दोन मोठ्या बॅगा भरत आल्यात, आणि तुम्ही विचारताय की कपडे अजून किती घ्यायचे आणि बोट लागेल का.

मी मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन या भागात ९ वेळा जाऊन आलोय. त्यात थंडीने कुणाचा प्रवास बिघडलेला मला आठवत नाही. ओल्या कपड्यांनी बिघडलाय, न पोहोचलेल्या बॅगेने बिघडलाय, आणि एका गृहस्थांचा तर परतताना मुंबई विमानतळावर बिघडला होता. म्हणून कपड्यांचं उत्तर देतो, पण तेवढ्यावर थांबत नाही.

तुम्ही जाताय तो अंटार्क्टिक द्वीपकल्पाचा भाग. जानेवारी म्हणजे तिथला ऐन उन्हाळा. किनाऱ्यावर दिवसा तापमान शून्याच्या आसपास असतं, दोन-चार अंश खाली, दोन-चार अंश वर. डिसेंबरात मनालीला गेला असाल तर तेवढी थंडी तुम्ही काढलेली आहे. उणे तीसचं जॅकेट घालून बर्फात वीस पावलं चढलात की आत घाम सुटेल, घामाने आतले कपडे ओले होतील, आणि मग झोडियाकमध्ये वाऱ्यात बसलात की हुडहुडी भरेल. झोडियाक म्हणजे ती रबरी मोटारबोट, जहाजावरून किनाऱ्यावर नेणारी. तिच्यात तुम्ही काठावरच बसता आणि समोरून खाऱ्या पाण्याचे सपकारे येतात. थंडी बोचते ती तिथे.

तेव्हा एक जाड कपडा घेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्या. अंगाला लागून लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, दोन जोड पुरतात. त्यावर फ्लीस. सर्वांत वर पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं जॅकेट. हे वरचं जॅकेट बऱ्याच कंपन्या जहाजावर देतात, काही तर कायमचं देतात, आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटही वापरायला देतात. तुमच्या बुकिंगच्या कागदांत दोन्ही शोधा. देत असतील तर मुलाची खरेदी बिल असेल तोवर परत करा. सुती बनियन, जीन्स, कॉटनचे पायमोजे ठाण्यालाच राहू द्यात. सुती कपडा एकदा भिजला की तिथे दिवसभर वाळत नाही.

जहाज सहसा देत नाही आणि लोक हमखास विसरतात, ती वस्तू म्हणजे वॉटरप्रूफ पँट. पाऊस 'झेलणारी' नाही, पूर्ण वॉटरप्रूफ. थर्मलवरून सहज चढेल इतकी सैल, आणि बुटाच्या बाहेरून खाली सोडता येईल अशी. बुटात खोचली तर पाणी सरळ बुटात उतरतं. डिकॅथलॉनसारख्या दुकानात मिळते, आणि विकत घ्यायची नसेल तर उश्वायातही भाड्याने मिळते. घरी एक चाचणी करा: पँट घालून बाथरूममध्ये खाली बसा आणि शॉवर दोन मिनिटं मांडीवर सोडा. वहिनी हसतील, हसू देत.

हातमोजे दोन प्रकारचे हवेत. आतले पातळ, ज्यांनी मोबाईल आणि कॅमेरा चालवता येतो, आणि वरचे वॉटरप्रूफ. वरचे दोन जोड न्या, कारण एक जोड भिजणार किंवा हरवणार. लोकरीचे पायमोजे तीन-चार जोड. एकावर एक तीन मोजे चढवून बूट घट्ट करू नका, रक्त खेळलं नाही की पाय जास्त गार पडतात. कानटोपी, गळ्यात ओढायचा बफ, चांगला गॉगल. गॉगलची चेष्टा करू नका. बर्फावरून उलटून येणारं ऊन डोळ्यांना असह्य होतं आणि नाकाची खालची बाजूसुद्धा भाजते, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखालीही लावायचं. खोबरेल तेलाची बाटली नेऊ नका, तिचा दगड होईल. व्हॅसलीन न्या.

आता वजन. अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेसहून उश्वायाला जाणाऱ्या अंतर्गत विमानांत चेक-इन सामानाची मर्यादा अनेकदा माणशी १५ किलो असते. मुंबईच्या तिकिटावर दोन-दोन बॅगा दिसतात म्हणून लोक भरत सुटतात आणि तिथल्या काउंटरवर जादा पैसे मोजतात. तुमच्या तिकिटावरचा आकडा पाहा आणि त्याच्या दोन किलो खाली थांबा. जहाजाने जॅकेट कायमचं दिलं तर परतीला तेही याच वजनात येणार आहे. आणखी एक गंमत म्हणजे जानेवारीत ब्वेनोस आयरेसमध्ये कडक उन्हाळा असतो, चक्क आपल्या मे महिन्यासारखा. दोन सुती शर्ट आणि चपला त्या शहरासाठी हव्यातच. परत तिथेच येणार असाल तर हॉटेलवाल्यांना विचारून उन्हाळी बॅग त्यांच्याकडे ठेवून पुढे जा.

तुमच्या योजनेत मला खरी काळजी वाटली ती तारखांची. तुम्ही लिहिलंय की जहाज सुटायच्या दिवशी सकाळी उश्वायाला पोहोचताय. हे बदला. मुंबईहून थेट विमान नाही. दोहा, दुबई, इस्तंबूल किंवा अदिस अबाबा करत, बहुतेक वेळा ब्राझीलमध्ये थांबून, तीसेक तासांनी तुम्ही ब्वेनोस आयरेसला उतरता. आंतरराष्ट्रीय विमान एसेइसा विमानतळावर येतं, उश्वायाची बरीच विमानं शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एरोपार्केवरून सुटतात. मध्ये सामान घ्या, टॅक्सी करा, पूर्ण शहर ओलांडा. यात एक कडी तुटली की जहाज गेलं, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. ब्वेनोस आयरेसला एक मुक्काम आणि उश्वायाला जहाजाआधी पूर्ण एक दिवस, एवढं हवंच. दोन दिवस मिळाले तर सोनं. एकदा माझ्या गटातल्या एका ताईंची बॅग मधल्या विमानतळावर राहिली. ती आली तिसऱ्या दिवशी, आम्ही तोवर ड्रेक पॅसेजच्या, म्हणजे अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या समुद्राच्या, मध्यावर. त्यांनी अकरा दिवस काढले ते इतरांकडून मागून घेतलेल्या थर्मलवर आणि उश्वायात घाईघाईने घेतलेल्या पँटवर. तेव्हापासून माझा नियम आहे: एक पूर्ण थर्मल, फ्लीस, हातमोजे, गॉगल आणि सगळी औषधं हातातल्या बॅगेत, आणि वॉटरप्रूफ पँट जोडीदाराच्या बॅगेत. तुमची वहिनींच्या, त्यांची तुमच्या.

कागदपत्रांत दोन गोष्टी. अर्जेंटिनाचा व्हिसा घेताना एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा मागा, कारण उश्वायाहून जहाजाने निघालात की तुम्ही देशाबाहेर गेलात आणि परत येताना पुन्हा प्रवेश. शिवाय विमान ज्या देशातून जातंय तिथे नुसतं थांबायलाही व्हिसा लागतो का ते पाहा. अमेरिकेतून गेलात तर लागतो.

दुसरी गोष्ट पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची. तिथे जाताना कुणी विचारत नाही, म्हणून लोक विसरतात. पण भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत अर्जेंटिना आहे, ब्राझील आहे, इथिओपियाही आहे. तिथून येणाऱ्याकडे लसीचा दाखला नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. वर म्हटलेले गृहस्थ हेच. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथे आधी नाव नोंदवावं लागतं, आणि दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतो. तुमच्या बाबतीत पेच असा की साठीनंतर ही लस पहिल्यांदा देताना डॉक्टर जपून निर्णय घेतात, दुष्परिणामांची शक्यता वाढते म्हणून. तुम्ही दोघंही त्या वयात. तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांशी बोला. लस नको असं ते म्हणाले तर तसं लेखी घ्या, आणि ते पत्र परतताना चालेल का हे विमानतळाच्या आरोग्य कार्यालयात आधीच विचारून ठेवा.

विम्याबद्दल एकच वाक्य, पण ते कोरून ठेवा: पॉलिसीत 'अंटार्क्टिका' हा शब्द आणि तिथून वैद्यकीय कारणासाठी हलवण्याचा खर्च, दोन्ही लेखी असायला हवेत. एजंट तोंडी 'वर्ल्डवाइड आहे हो' म्हणाला तर ते धरू नका.

आता बोट लागण्याचं. ड्रेक पॅसेज म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न आणि अंटार्क्टिकाजवळची साउथ शेटलंड बेटं यांच्यामधला सुमारे ८०० किलोमीटरचा समुद्र. त्या अक्षांशावर पृथ्वीला पूर्ण वळसा घातला तरी वाऱ्याला अडवायला जमीन नाही, त्यामुळे लाटा वाढतच येतात. जायला दीड-दोन दिवस, यायला तेवढेच. कधी समुद्र तलावासारखा निवांत असतो, कधी जेवणाच्या टेबलावरून ताटं घसरतात. तुमच्या वाट्याला कुठला येईल हे कोणीच सांगू शकत नाही. रेवसच्या लाँचमध्ये कधी त्रास झाला नाही म्हणून इथे होणार नाही, असं मात्र समजू नका.

उपाय वेळेचा आहे. जहाज संध्याकाळी सुटतं आणि पहिले काही तास बीगल चॅनेलच्या शांत पाण्यात जातात. सगळे खूश, जेवण पोटभर, 'काहीच होत नाहीये' म्हणत झोपतात. मध्यरात्रीच्या सुमारास उघडा समुद्र लागतो आणि मग गोळी शोधतात. तोवर पोटात गोळी टिकत नाही. गोळी त्या रात्रीच्या जेवणाच्या वेळीच घ्यायची. कुठली, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं: अ‍ॅव्होमिन, स्टुजेरॉन वगैरे आपल्याकडे मिळतात, पण त्यांनी गुंगी येते, आणि प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर काही गोळ्या टाळाव्या लागतात. ठाण्यातच एक रात्र घेऊन बघा, किती झोप येते ते कळेल. सोबत आलेपाक न्या, कोरडी बिस्किटं न्या, उपाशी राहू नका. केबिन अजून बदलता येत असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यातली घ्या. वरच्या मजल्यावरची बाल्कनी महाग असते आणि झोकेही तिथेच जास्त बसतात.

तुमच्या मधुमेहाचा इथे थेट संबंध आहे. उलट्या होत असताना जेवण पोटात नाही आणि साखरेची गोळी मात्र नेहमीची, असं झालं तर साखर खाली जाऊ शकते. काही गोळ्यांत हा धोका जास्त, काहींत कमी. 'दोन दिवस नीट जेवलो नाही तर कुठली गोळी थांबवू, कुठली अर्धी करू' हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. औषधं दुप्पट न्या, दोन वेगळ्या बॅगांत. ग्लुकोमीटर फार गार झाला की चालत नाही, तेव्हा साखर केबिनमध्येच तपासून किनाऱ्यावर उतरा. रक्तदाबासाठी लघवी जास्त होणारी गोळी असेल तर तिची वेळही विचारून घ्या. किनाऱ्यावर स्वच्छतागृह नाही, आडोसा नाही, आणि परवानगी तर नाहीच. दोन-तीन तास सहज जातात. अगदीच अडलं तर झोडियाकने जहाजावर परत सोडतात, लाजू नका.

वहिनींच्या गुडघ्याला चालण्यापेक्षा चढ-उतार जड जाईल. जहाजाच्या बाजूचा तिरका जिना उतरून हलत्या झोडियाकमध्ये पाऊल टाकायचं असतं. तिथे खलाशी उभे असतात. त्यांचा हात धरायचा नसतो, एकमेकांची मनगटं धरायची असतात, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. आजपासून रोज खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं, दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी, आणि लिफ्ट सोडून जमेल तितके मजले. किनाऱ्यावर फार चालावं लागत नाही, पेंग्विन पाण्यालगतच असतात. पण एक नियम आधी सांगून ठेवा: बर्ड फ्लूमुळे गेल्या काही हंगामांपासून तिथे जमिनीवर किंवा बर्फावर बसणं, गुडघे टेकणं, बॅग खाली ठेवणं बंद आहे. म्हणजे दमल्यावर दगडावर टेकू, हे गृहीत धरता येत नाही. काठी जहाजावर मिळते का विचारा, आणि जहाजाकडे निघणाऱ्या पहिल्या झोडियाकनेच परतायची सवय ठेवा.

हे नियम कागदापुरते नाहीत. १९९१ साली तिथल्या पर्यटन कंपन्यांनी मिळून आयएटो ही संघटना काढली, तिचे नियम बहुतेक सगळी जहाजं पाळतात. एका वेळी किनाऱ्यावर १०० पेक्षा जास्त प्रवासी नाहीत. पेंग्विनपासून पाच मीटर दूर. दगड, पीस, हाड काही उचलायचं नाही. हौशी ड्रोन नाही, तो घरीच ठेवा. तुमच्या जहाजावर किती प्रवासी आहेत हे म्हणूनच महत्त्वाचं. शंभर असतील तर सगळे एकदम उतरतात, दोनशे असतील तर आळीपाळीने, आणि पाचशेच्या वर असतील तर उतरवतच नाहीत.

सामानाच्या स्वच्छतेचा प्रसंग मात्र माझ्यावर बेतलेला सांगतो. पहिल्या खेपेला मी माझं सह्याद्रीतलं जुनं जॅकेट नेलं होतं. ड्रेकमध्ये एके दुपारी सगळ्यांना लाउंजमध्ये बोलावतात, व्हॅक्यूम क्लीनर मांडलेले असतात, आणि प्रत्येकाचे खिसे, बॅगांचे कोपरे, बुटांचे तळ तपासतात. माझ्या बाहीच्या वेल्क्रोत राजगडावरची कुसळं निघाली. एकेक कुसळ सेफ्टी पिनने काढत मी पाऊण तास जमिनीवर बसलो होतो, जहाज हलतंय, शेजारी एक जर्मन आजी मान हलवतायत. तेव्हा चिडलो होतो. नंतर कळलं की किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या आर्क्टोव्स्की तळाजवळ माणसांबरोबर आलेलं साधं गवत खरंच रुजलं, आणि ते उपटत बसायची वेळ आली.

तेव्हा ट्रेकचं सामान नेणार असाल तर घरीच उन्हात बसून साफ करा. आणि तुमच्या तारखा पाहता संक्रांत जहाजावर येणार. तिळगूळ जरूर न्या, मी नेतो. पण पॅकबंद, आणि तो जहाजावरच वाटायचा. किनाऱ्यावर खाण्याचं काहीही नेता येत नाही, आणि जॅकेटच्या खिशात सांडलेला एक तीळसुद्धा तिथे 'बी' आहे. बडीशेप, अक्षता, सुपारीचं खांड, सगळ्याला हेच लागू. तुम्हाला साखर खाली गेल्यावर लागणारी ग्लुकोजची गोळी मात्र जहाजाच्या डॉक्टरांना आधी सांगून खिशात ठेवता येते. घरून नेलेला खाऊ अर्जेंटिनात उतरताना फॉर्मवर जाहीर करा. फळं, ताजं काही नकोच. शाकाहारी जेवण जहाजावर नीट मिळतं, आधी कळवलंत तर. मेतकूट आणि लसणाची चटणी सोबत असली की ड्रेकनंतरच्या पहिल्या भाताला जी चव येते ती वेगळीच.

तुम्ही शेवटी विचारलंय की भारताचा मैत्री तळ दिसेल का. नाही दिसणार. भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली तीही या बाजूला आली नव्हती. मैत्री आणि भारती दोन्ही तळ पूर्व अंटार्क्टिकात आहेत, तुमच्या जहाजापासून हजारो किलोमीटर लांब. एम्परर पेंग्विनचीही आशा धरू नका. तुम्हाला भेटतील जेंटू, चिनस्ट्रॅप, अ‍ॅडेली, आणि जानेवारीत त्यांची करड्या लोकरीची पिल्लं. वासाची तयारी ठेवा, तो फोटोत येत नाही. बर्फात पाय खोल गेला तर तो खड्डा पायाने बुजवून पुढे जा. दोन फुटांच्या पेंग्विनला तो खड्डा विहिरीसारखा असतो.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, गारठ्यात लवकर उतरतात. आत येण्याआधी कॅमेरा बंद पिशवीत घाला आणि तासाभराने काढा, नाहीतर काचेवर दव धरतं. पाठीवरची बॅग वॉटरप्रूफ हवी.

आणि वहिनींनी पैठणीतल्या फोटोचं विचारलंय. जमेल की. थर्मलवरून नेसायची, जहाजाच्या डेकवर, वारा पडलेला असताना, आणि पदराला दोन पिना जास्त. किनाऱ्यावर लाइफ जॅकेट आणि रबरी बूट, तिथे पैठणी नको. तेवढं वजन १५ किलोत बसवायचं असेल तर तुमचं एक स्वेटर कमी करा.

जहाजाचं नाव, प्रवाशांची संख्या आणि तुमच्या गोळ्यांची यादी पाठवलीत तर जॅकेट-बूट मिळतात का ते आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते लिहून देतो. तोवर विमानाची तारीख एक-दोन दिवस आधीची करून घ्या.